जाहिरात मजकुराचा सूर वाचकाप्रमाणे कसा बदलावा

श्रवणयंत्र बनवणाऱ्या कंपनीला एकाच उत्पादनाविषयी किमान तीन जणांशी बोलावे लागते. यंत्र कानात घालणारी व्यक्ती बहुधा वयस्क असते आणि आपल्याला कमी ऐकू येते हे तिने अनेकदा मनाशी मान्यही केलेले नसते. यंत्राची चौकशी करणारी व्यक्ती बऱ्याच वेळा तिचा मुलगा किंवा मुलगी असते. यंत्राची शिफारस करणारा श्रवणतज्ज्ञ या दोघांहून अगदी वेगळ्या प्रश्नांची उत्तरे शोधत असतो. या तिघांसमोर एकच मजकूर ठेवला, तर वयस्क व्यक्तीला तो उपदेश वाटतो, मुलांना तो अपुरा वाटतो आणि तज्ज्ञाला त्यात उपयोगाचे काहीच सापडत नाही. पुढील विवेचनात हेच उदाहरण शेवटपर्यंत वापरले आहे, कारण संकोच, काळजी आणि तांत्रिक काटेकोरपणा या तिन्ही गोष्टी त्यात एकत्र येतात आणि सूर चुकल्यास वाचक नुसता दुरावत नाही, तर दुखावलाही जातो.

वाचकाचे वय नव्हे, त्याची अवस्था ओळखावी

लेखनापूर्वी हाती येणाऱ्या ब्रीफमध्ये, म्हणजे कामाच्या लेखी सूचनापत्रात, वाचकाचे वर्णन सहसा वय, लिंग, उत्पन्न आणि राहण्याचे ठिकाण एवढ्यावर थांबते. जाहिरात कुठे दाखवायची हे ठरवण्यासाठी ही माहिती उपयोगी असते. मजकूर कसा लिहायचा हे मात्र तिच्यावरून फारसे कळत नाही. श्रोत्यानुसार बोलणे बदलावे, हा विचार फार जुना आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने वक्तृत्वाविषयी लिहिताना तरुण, वृद्ध आणि मधल्या वयाच्या माणसांचे स्वभाव वेगवेगळे वर्णिले. पण त्याआधी आणि त्याहून अधिक विस्ताराने त्याने राग, भीती, लाज, दया या भावना माणसाच्या मनात कोणत्या स्थितीत आणि कोणाविषयी निर्माण होतात, याची चर्चा केली. हा क्रम आजच्या जाहिरात-लेखकानेही पाळावा, असे मला मनापासून वाटते. सत्तरीतील दोन व्यक्तींपैकी एकीने तपासणी करून घेतली असेल आणि दुसरी तो विषय निघाला तरी खोलीबाहेर जात असेल, तर त्या दोघींना एकाच सुरात लिहिणे चुकीचे ठरते. उलट पहिलीचा सूर तिच्याच अवस्थेतील चाळिशीच्या वाचकालाही चालून जातो.

अवस्था ठरवण्यासाठी एक जुनी मांडणी अजूनही अतिशय उपयुक्त आहे. युजीन श्वार्ट्झ या अमेरिकी जाहिरात-लेखकाने १९६६ साली वाचकाच्या जाणिवेचे पाच टप्पे सांगितले. पहिल्या टप्प्यातील वाचकाला आपल्याला काही अडचण आहे याचीच जाणीव नसते. दुसऱ्यातील वाचकाला अडचण जाणवते, पण उपाय ठाऊक नसतो. तिसऱ्यातील वाचकाला उपाय असतो हे माहीत असते, पण आपले उत्पादन माहीत नसते. चौथ्यातील वाचकाला उत्पादन माहीत असते, पण त्याची खात्री पटलेली नसते. पाचव्यातील वाचक घ्यायला तयार असतो आणि त्याला फक्त अटी जाणून घ्यायच्या असतात. श्रवणयंत्र वापरणारी वयस्क व्यक्ती बहुधा पहिल्या किंवा दुसऱ्या टप्प्यावर असते, तिची मुले तिसऱ्या टप्प्यावर आलेली असतात आणि तज्ज्ञ थेट चौथ्या टप्प्यावर उभा असतो. वाचक जितका सुरुवातीच्या टप्प्यावर, तितका मजकूर त्याच्या रोजच्या अनुभवापासून सुरू व्हावा आणि उत्पादनाचे नाव तितके उशिरा यावे. वाचक पाचव्या टप्प्यावर असेल, तर प्रास्ताविक गाळून सरळ व्यवहाराच्या गोष्टीने सुरुवात करावी.

टप्प्यासोबत आणखी एका प्रश्नाचे उत्तर लिहून ठेवावे. हा मजकूर वाचताना वाचकाला कशाची धास्ती असेल? वयस्क व्यक्तीला आपण म्हातारे दिसू अशी धास्ती असते, मुलांना आईवडील दुखावतील अशी, तर तज्ज्ञाला आपण सुचवलेले यंत्र न वापरता पडून राहील अशी. मजकुराचा सूर बव्हंशी या एका उत्तरावरून ठरतो, म्हणून त्यासाठी वेळ द्यावा आणि उत्तर ढोबळ शब्दांत लिहू नये. ‘विश्वास वाटत नाही’ एवढ्याने काम भागत नाही. कोणत्या गोष्टीचा विश्वास वाटत नाही, हे लिहावे.

वाचकाचे शब्द आधी जमवावेत

ग्राहक आपली अडचण ज्या शब्दांत सांगतो, ते शब्द कंपनीच्या माहितीपत्रकातील शब्दांहून जवळजवळ नेहमीच वेगळे असतात. कंपनी ‘श्रवणऱ्हास’ म्हणते. ग्राहक ‘ऐकू येतं, पण नीट कळत नाही’ असे म्हणतो. या दुसऱ्या वाक्यात शास्त्रीय तथ्यही दडलेले आहे. वाढत्या वयात होणारा श्रवणऱ्हास बहुतेक वेळा उच्च वारंवारतेच्या, म्हणजे उंच पट्टीच्या, ध्वनींपासून सुरू होतो आणि स, श, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख याच ध्वनींवर अवलंबून असते. त्यामुळे स्वरांचा आवाज कानावर पडत असूनही शब्द उलगडत नाही. ‘तुम्हाला कमी ऐकू येते का?’ असा प्रश्न विचारणारी जाहिरात या वाचकाला लागूच पडत नाही, कारण त्याच्या अनुभवानुसार त्याला ऐकू येत असते. इतर लोकच पुटपुटत असतात.

हे शब्द मिळवण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. ग्राहक-सेवेकडे आलेल्या फोनच्या नोंदी, तक्रारीचे ईमेल, उत्पादनाखालील अभिप्राय, विक्रेत्याला वारंवार विचारले जाणारे प्रश्न आणि काही प्रत्यक्ष मुलाखती यांमधून वाक्ये जशीच्या तशी उतरवून घ्यावीत. उतरवताना भाषा सुधारू नये, कारण सुधारलेल्या वाक्यातून नेमकी हवी असलेली गोष्ट निसटते. मुलाखतीत मते विचारण्यापेक्षा घटना विचाराव्यात: हा विचार पहिल्यांदा कधी मनात आला, तेव्हा काय घडले होते, त्यानंतर कोणाला विचारले, काय वाचले आणि कशामुळे थांबावेसे वाटले. अशी वाक्ये पुरेशी जमली की त्यांतील काही पुन्हा पुन्हा येऊ लागतात आणि मथळे बहुधा याच पुनरावृत्तीतून सापडतात.

मात्र वाचकाचा शब्द घेणे आणि वाचकाची नक्कल करणे यांत फरक आहे. तरुण वाचकांसाठी लिहिताना त्यांच्यातले चलनी शब्द मजकुरात पेरण्याचा मोह अनेकांना होतो. ते शब्द झपाट्याने जुने होतात, आणि बाहेरच्या माणसाच्या तोंडी ते कृत्रिम वाटतात हे त्या वाचकाच्या तत्काळ लक्षात येते. वाचकाने अडचणीसाठी वापरलेला शब्द घ्यावा, त्याची लकब घेऊ नये.

एकच यंत्र, तीन मजकूर

वयस्क वाचकासाठीचा मजकूर असा होऊ शकतो: ‘चार माणसे एकत्र बोलत असली की शब्द निसटतात, आवाज येतो पण अर्थ लागत नाही, असे अलीकडे होत असेल, तर त्यामागे साधे कारण असू शकते. वाढत्या वयात काही व्यंजने कानाला कमी स्पष्ट ऐकू येऊ लागतात. एकदा तपासणी करून घेतली, तर नेमकी कोणती, हे कळेल.’ या मजकुरात यंत्राचा उल्लेख नाही, ‘बहिरेपणा’ हा शब्द नाही आणि वाचकाच्या वयावर बोट ठेवलेले नाही. अनुभव ओळखीचा आहे, कारण समजावून सांगितले आहे आणि मागणी लहान आहे. पहिल्या दोन टप्प्यांवरील वाचकाकडून याहून अधिक मागू नये.

मुलांसाठी तोच विषय वेगळ्या ठिकाणी सुरू होतो: ‘आई फोनवर बोलणे टाळते, हे तुमच्या लक्षात आले आहे. विषय काढला की ती चिडते, हेही. तपासणीला तिला कसे तयार करावे, तपासणीत काय होते आणि यंत्र मिळाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत तिला कोणता त्रास जाणवू शकतो, हे येथे क्रमाने सांगितले आहे.’ येथे सूर धीर देणारा आहे, पण गुळगुळीत नाही. पहिल्या आठवड्यांतील त्रासाचा उल्लेख मुद्दाम केला आहे. श्रवणयंत्र वापरू लागल्यावर नव्या ध्वनींची सवय होण्यास मेंदूला काही आठवडे लागतात आणि ही गोष्ट आधी न सांगितल्यास कुटुंब निराश होऊन यंत्र बाजूला ठेवून देते. काळजीत असलेल्या वाचकाला अडचण लपवणारा मजकूर आश्वस्त करत नाही. अडचण सांगून तिची मुदत आणि उपाय सांगणारा मजकूर करतो.

तज्ज्ञासाठी लिहिताना भावनेचा भाग जवळजवळ गळून पडतो: ‘उच्च वारंवारतेकडे उतरत जाणाऱ्या सौम्य ते मध्यम श्रवणऱ्हासासाठी. फिटिंगची मर्यादा, कमाल ध्वनिपातळी आणि मापनाची परिस्थिती सोबतच्या तक्त्यात दिली आहे.’ तज्ज्ञाला विशेषणे संशयास्पद वाटतात. ‘अत्याधुनिक’, ‘क्रांतिकारी’ या शब्दांच्या जागी आकडा किंवा मापनपद्धती द्यावी, आणि ते देता येत नसेल, तर ते वाक्यच काढून टाकावे. येथे परिभाषा टाळण्याचेही कारण नाही. सोपे लिहावे हा सल्ला सामान्य वाचकापुरता योग्य आहे. तज्ज्ञाला नेमका पारिभाषिक शब्द हाच सोपा शब्द असतो, आणि त्याऐवजी फोड करून सांगितलेले वर्णन त्याचा वेळ घेते.

या तिन्ही मजकुरांत एक गोष्ट मात्र सारखी राहिली पाहिजे, ती म्हणजे वचन. यंत्र काय करते आणि काय करत नाही, याविषयीची विधाने तिन्हीकडे एकमेकांशी जुळली पाहिजेत. आईने, मुलीने आणि तज्ज्ञाने आपापले पत्रक एकाच टेबलावर ठेवले, तर त्यांत कुठेही विसंगती दिसू नये. श्रवणयंत्र ध्वनी वाढवते आणि सुस्पष्ट करण्यास मदत करते, गेलेली श्रवणक्षमता परत आणत नाही. हे वाक्य तज्ज्ञासमोर काटेकोर आणि कुटुंबासमोर धूसर करणे म्हणजे सूर बदलणे नव्हे, ती फसवणूक आहे. म्हणून लेखनाला हात घालण्यापूर्वी उत्पादनाविषयीची निर्विवाद विधाने एका कागदावर लिहून घ्यावीत आणि प्रत्येक मजकूर तयार झाल्यावर त्याच कागदाशी ताडून पाहावा.

मराठीत सूर कशाकशावरून ठरतो

सुराचे मोजमाप करण्यासाठी निल्सन नॉर्मन ग्रुप या वापरसुलभतेवर संशोधन करणाऱ्या संस्थेने २०१६ साली चार परिमाणे मांडली: औपचारिक की अनौपचारिक, गंभीर की विनोदी, आदरशील की बेफिकीर आणि उत्साही की वस्तुनिष्ठ. कामाला सुरुवात करताना या चार रेषांवर आपला मजकूर कुठे असावा, याच्या खुणा करून घेणे फार सोयीचे असते, कारण ‘मैत्रीपूर्ण हवे’ अशा मोघम सूचनेचा अर्थ लेखक, संपादक आणि ग्राहक कंपनी वेगवेगळा लावतात. या खुणा प्रत्यक्ष वाक्यात उतरवण्याची साधने मात्र प्रत्येक भाषेची स्वतःची असतात आणि मराठीत त्यांपैकी पहिले साधन सर्वनाम हे आहे.

‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतील निवड पहिल्याच ओळीत वाचकाशी असलेले अंतर ठरवते. ‘तू’ निवडल्यास जवळीक येते, पण क्रियापदाला लिंग चिकटते: ‘करतोस’ की ‘करतेस’, ‘आलास’ की ‘आलीस’. वाचक स्त्री की पुरुष हे निश्चित नसेल, तर अर्धे वाचक पहिल्याच वाक्यात बाहेर पडतात. ‘तुम्ही करता’, ‘तुम्ही आलात’ या रूपांत ही अडचण येत नाही. तरीही ‘थकला आहात’ आणि ‘थकल्या आहात’ असा भेद तेथेही डोके वर काढतो, आणि ‘तुम्हाला थकवा जाणवतो का’ अशी रचना केल्यास तो सहज टळतो. ‘आपण’ हे सर्वनाम आदरार्थी आहेच, पण त्याचा अर्थ ‘आपण सगळे’ असाही होतो. ‘आपण यंत्र निवडल्यावर’ या वाक्यात निवडणारे कोण, ग्राहक की ग्राहक आणि कंपनी मिळून, हे स्पष्ट होत नाही. म्हणून ‘आपण’ वापरायचे असेल, तर जबाबदारी सांगणाऱ्या वाक्यांत विशेष काळजी घ्यावी. निवड काहीही असो, एका मजकुरात ती शेवटपर्यंत टिकवावी. मथळ्यात ‘तुम्ही’, परिच्छेदात ‘आपण’ आणि बटणावर ‘तू’ असलेली पाने वाचकाला अस्वस्थ करतात, आणि त्या अस्वस्थतेचे कारण त्याला स्वतःला सांगता येत नाही.

क्रियापदाच्या रूपाकडे लेखकांचे त्यामानाने कमी लक्ष जाते, हे खेदाचे आहे. ‘तपासणी करा’ ही आज्ञा आहे, ‘तपासणी करावी’ हा सल्ला आहे, ‘तपासणी करून घेता येईल’ ही मोकळीक आहे आणि ‘तपासणी करून घेऊया’ ही सोबत आहे. संकोचलेल्या वाचकाला मोकळीक द्यावी, घ्यायला तयार असलेल्या वाचकाला सरळ आज्ञार्थ द्यावा, कारण त्याला पुढचे पाऊल कोणते एवढेच हवे असते. ‘घेऊया’ची सोबत वाचकाने आधी काही विश्वास दाखवलेला असेल तरच खरी वाटते.

शब्दसाठा हे तिसरे साधन. ‘पुनर्भारणक्षम विद्युतघट’ आणि ‘चार्ज करता येणारी बॅटरी’ यांत दुसरा पर्याय सामान्य वाचकासाठी निःसंशय योग्य आहे; मराठी शुद्ध राखण्याची आच मलाही आहे, पण जो शब्द वाचक कधीच उच्चारत नाही तो जाहिरातीत भाषेची सेवा करत नाही. याउलट, जिथे बोलीतला मराठी शब्द रुळलेला आहे, तिथे तो सोडून इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिण्याचेही कारण नाही. वाक्याची लांबी ठरवताना इंग्रजीसाठी केलेली वाचनसुलभतेची सूत्रे मराठीला लावू नयेत. १९४८ साली रुडॉल्फ फ्लेश यांनी मांडलेले प्रसिद्ध सूत्र शब्दांतील उच्चारावयव (सिलॅबल) आणि वाक्यांतील शब्द मोजते. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडूनच येत असल्याने तीच मोजणी येथे दिशाभूल करते. मोठ्याने वाचताना कुठे श्वास तुटतो आणि क्रियापदापर्यंत पोहोचण्याआधी कर्ता विसरला जातो का, ही कसोटी अधिक भरवशाची आहे.

विनोदाबद्दल थोडक्यात सांगायचे, तर वाचकाच्या धास्तीचा जो विषय आहे त्यावर विनोद करू नये.

माध्यमानुसार किती जागा मिळते, हे आधी पाहावे

सूर ठरला तरी जागा त्याला आकार देते. गूगलच्या शोध-जाहिरातीत मथळ्याला ३० आणि वर्णनाला ९० वर्णचिन्हांची मर्यादा असते. एसएमएसमध्ये मराठीची अडचण अधिक तीव्र होते: रोमन लिपीतील साध्या संदेशाला १६० चिन्हे मिळतात, तर देवनागरी संदेश सर्वसाधारणपणे युनिकोड या अनेक लिप्यांसाठीच्या संगणकीय संकेतपद्धतीत जात असल्याने एका संदेशात ७० चिन्हेच मावतात, आणि संदेश लांबल्यास प्रत्येक भागाला ६७. त्यातही मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरातील हलन्त ही स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. ‘श्रवणयंत्र’ हा शब्द डोळ्यांना पाच अक्षरांचा दिसतो, पण मोजणीत त्याची १० चिन्हे होतात. म्हणून एसएमएससाठी मोठा मजकूर कापून लहान करू नये. त्या जागेसाठी तो पहिल्यापासून वेगळा लिहावा, जोडाक्षरे कमी असलेले शब्द निवडावेत आणि आदराची लांब रूपे टाळूनही आदर टिकेल असे वाक्य शोधावे. ‘तपासणीची वेळ ठरवण्यासाठी फोन करा’ हे वाक्य पुरेसे आदरशील आहे.

एकाच वाचकासाठीही सूर प्रसंगानुसार बदलतो. जाहिरात वाचताना जो उत्सुक होता, तोच यंत्र सुरू न झाल्याने सूचना-पुस्तिका उघडतो तेव्हा वैतागलेला असतो. त्या पानावर स्वागत, अभिनंदन किंवा पुढील खरेदीची सवलत यांना जागा नाही. तेथे पहिल्या वाक्यातच पहिली कृती सांगावी. ब्रँडचा स्वभाव दोन्हीकडे तोच राहतो, त्याचा सूर तेवढा बदलतो.

लिहिल्यावर पडताळणी

तयार मजकुरावरून कंपनीचे आणि उत्पादनाचे नाव झाकावे आणि ज्याने ब्रीफ वाचलेले नाही अशा सहकाऱ्याला तो कोणासाठी लिहिला असावा हे विचारावे. उत्तर ‘सगळ्यांसाठी’ असे आले, तर सूर अजून ठरलेला नाही. त्यानंतर प्रत्यक्ष वाचकवर्गातील मोजक्या व्यक्तींना मजकूर वाचायला देऊन, कागद बाजूला ठेवून, त्यात काय सांगितले होते ते त्यांच्या शब्दांत सांगायला सांगावे. ‘आवडले का’ हा प्रश्न विचारू नये, कारण समोरचा माणूस भिडेपोटी हो म्हणतो. त्यांनी सांगितलेल्या गोष्टीत वचन बदललेले आढळले, म्हणजे ‘यंत्राने कान बरे होतात’ असे काही त्यांनी ऐकले असेल, तर मजकूर कितीही प्रभावी असला तरी तो तातडीने दुरुस्त करावा.

वाचकसंख्या मोठी असेल, तर दोन पर्यायांची तुलनात्मक चाचणी घ्यावी. तिच्यात एका वेळी एकच गोष्ट बदलावी. सर्वनाम, मथळा आणि चित्र एकदम बदलले, तर फरक कशामुळे पडला हे कळत नाही. दोन्ही पर्याय एकाच काळात दाखवावेत, यशाचे माप आधीच ठरवावे आणि पहिल्या दिवसाच्या आकड्यांवरून निष्कर्ष काढू नये. माप म्हणून केवळ क्लिक धरणे अपुरे असते. भीती वाढवणाऱ्या मथळ्याला क्लिक अधिक मिळू शकतात, पण त्यांतून तपासणीला किती जण पोहोचले आणि यंत्र घेतलेल्यांपैकी किती जणांनी ते परत केले, हे पाहिल्याशिवाय कोणता सूर योग्य होता हे ठरत नाही. निकाल प्रत्येक वाचकगटासाठी वेगळे मांडावेत, कारण मुलांना भावलेला मथळा आणि वयस्कांनी टाळलेला मथळा एकच असू शकतो आणि दोघांच्या सरासरीत ही गोष्ट पूर्णपणे झाकली जाते.